टाचेतल्या रक्ताचा थेंब : दोन पुस्तकं आणि एक सोयीची गोष्ट



मागच्या व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरत होते. बाळंतपण झालं की काही दवाखान्यांत एक रंगीत पत्रक हातात देतात. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थोडे थेंब घेणार, जाड कागदावर वाळवणार आणि त्यातून पन्नास, कधी शंभरावर जन्मजात आजार तपासून देणार. ही तपासणी करावी का? याचं डॉक्टरी उत्तर देण्याचा आमचा अधिकार नाही. ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून घ्या. आमचं काम समीक्षेचं. या तपासणीबद्दल जगभर एक गोष्ट सांगितली जाते. ती कशी रचली गेली, तिच्यातून काय गाळलं गेलं आणि त्या गाळण्याची किंमत कोण मोजतं, एवढं आज बघायचं आहे.

सोबतीला दोन पुस्तकं घेतली आहेत, दोन्ही २०१३ सालची. डायॅन पॉल आणि जेफ्री ब्रॉस्को यांचं 'द पीकेयू पॅराडॉक्स', आणि स्टेफान टिमरमन्स व मारा बुखबाइंडर यांचं 'सेव्हिंग बेबीज?'. दुसऱ्या नावातलं प्रश्नचिन्ह छापायची चूक नव्हे, ते पुस्तकाचं मुख्य विधानच आहे.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. टाचेतलं रक्त घेतात ते साधारण जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत, म्हणजे सटवाईच्या आधीच नंबर लागतो. (हशा) हसण्यावारी नेऊ नका. या तपासणीचा जो प्रचार होतो त्याच्या तळाशी हीच कल्पना आहे, की नशीब लिहिलेलं असतं, पण आता ते आधी वाचता येतं आणि वेळेत खोडताही येतं. हे ज्या एका आजाराच्या बाबतीत सगळ्यात जास्त खरं ठरलं त्याचं नाव फिनाइलकीटोन्युरिया, थोडक्यात पीकेयू. तुम्ही हा शब्द पाहिलेला असणार. शुगरफ्रीच्या डबीवर बारीक अक्षरात सूचना असते ना, फिनाइलकीटोन्युरिक्सनी घेऊ नये म्हणून? तोच.

आजार समजून घ्यायला सोपा आहे. आपण खातो त्या प्रथिनांत फिनाइलअ‍ॅलॅनिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. यकृतातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं टायरोसिनमध्ये रूपांतर करतं. हे विकर जन्मतः काम करत नसेल तर फिनाइलअ‍ॅलॅनिन रक्तात साचतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. बाळ जन्मताना अगदी छान दिसतं. नुकसान पुढच्या महिन्यांत होत जातं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. दोष येतो तो आई आणि वडील दोघांकडून. दोघं ठणठणीत असतात, फक्त वाहक असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते. 'हे आमच्याकडे कधी नव्हतं, सुनेच्या माहेरचं असेल' असं म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं. एका बाजूने हा आजार होतच नाही. आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जिथे आहे, तिथे दोन्ही बाजूंनी तोच दोष येण्याची शक्यता वाढते.

आता गोष्ट. १९३४ साली ओस्लोमध्ये एक आई आपली दोन मतिमंद मुलं घेऊन आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे गेली. मुलांच्या लघवीला विचित्र वास येतो, ही तिची तक्रार आधी कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. फॉलिंगनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, रंग हिरवा झाला, आणि त्या हिरव्या रंगाचा माग काढत आजार सापडला. पुढे साठच्या दशकात अमेरिकेत बफेलोच्या रॉबर्ट गथ्रींनी कागदावर वाळवलेल्या रक्तातून तो ओळखायची युक्ती काढली. बॅसिलस सटिलिस नावाचा जिवाणू, त्याची वाढ रोखणारं एक रसायन, आणि वर रक्ताच्या कागदाची छोटी चकती. रक्तात फिनाइलअ‍ॅलॅनिन जास्त असेल तर रोध उठतो आणि चकतीभोवती जिवाणूंचं वलय वाढतं. स्वस्त, सोपं, टपालाने पाठवता येण्याजोगं. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तपासणी सक्तीची केली, मग इतर राज्यांनी, मग इतर देशांनी. मुलं वाचली. इथे गोष्ट संपते आणि टाळ्या पडतात.

या सांगण्यातून मधली दहा वर्षं गळतात, आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटतात ती हीच.

१९५१ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात होर्स्ट बिकेल नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी एका दोन वर्षांच्या मुलीला पीकेयू असल्याचं निदान केलं. तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेबाहेर उभी राहायची. तुम्ही नाव शोधलंत, आता उपाय शोधा, एवढंच तिचं म्हणणं. बिकेल, एव्हलिन हिकमन्स आणि जॉन जेरार्ड यांनी दुधातल्या केसीनपासून फिनाइलअ‍ॅलॅनिन काढून टाकलेलं अन्न तयार केलं. मुलगी सुधारली. रांगायला लागली, उभी राहिली, डोकं आपटणं थांबलं. पण ही सुधारणा आहाराचीच, की आणखी कशाची? ते पडताळायला डॉक्टरांनी आईला न सांगता त्या अन्नात फिनाइलअ‍ॅलॅनिन परत मिसळलं. मुलगी मिळवलेलं सगळं गमावू लागली आणि आई हवालदिल झाली. मग तिला खरं सांगितलं गेलं, तिची परवानगी घेऊन तोच प्रयोग रुग्णालयात पुन्हा झाला आणि त्याचं चित्रीकरणही झालं. १९५३ मध्ये निबंध छापून आला.

हा प्रसंग सांगायचा तो डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला नव्हे. क्रम बघा. आधी आहार, १९५३. नंतर तपासणी, दहा वर्षांनी. आहार सापडला होता म्हणून गथ्रींच्या कागदाला किंमत आली. तो नसता तर ती चाचणी म्हणजे नुसती वाईट बातमी लवकर पोहोचवायची सोय झाली असती. आज तपासण्यांची यादी भराभर वाढते, तिथे हा क्रम कितीदा उलटा झालेला दिसतो. मोजता येतं म्हणून मोजायचं, उपायाचं मागाहून पाहू.

पॉल आणि ब्रॉस्को यांच्या पुस्तकाचं बळ इथे आहे. पीकेयूची गोष्ट किती वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या कामाला जुंपली हे ते दाखवतात. अनुवंश म्हणजे अटळ नशीब नव्हे असं म्हणणाऱ्यांना ती पुरावा वाटली, कारण जनुक तेच राहिलं आणि आहार बदलल्यावर मूल शिकलं. नव्या आजारांची तपासणी सुरू करा म्हणणाऱ्यांनाही तीच पुरावा वाटली. दोघांनी एकच वाक्य उचललं: 'साध्या आहाराने आजार टळतो.' त्यातल्या 'साध्या' या शब्दावर लेखकांनी बोट ठेवलं आहे, आणि ते आम्हाला अगदी पटतं.

साधा म्हणजे कसा? आपल्या स्वयंपाकघरात आणून बघू. वरण नाही, उसळ नाही, दही-ताक नाही, अंडं नाही, मासळी नाही. भात आणि पोळी मोजून. तान्ह्या बाळाला आईचं दूधसुद्धा मोजून. साखर, तूप, तेल चालतं. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतंच, म्हणून साबुदाणा चालतो. पण आपल्या खिचडीचा जीव असतो दाण्याच्या कुटात आणि ते चालत नाही. म्हणजे उपासाचं ताट अर्धं हातात येतं. मग वाढायला लागणारं प्रथिन कुठून? तर फिनाइलअ‍ॅलॅनिन वगळून बाकी अमिनो आम्लं एकत्र केलेली एक पावडर असते. वास उग्र, चव कडवट. ती दिवसातून तीन-चारदा प्यायची, रोज. आपल्याकडे ती महाग पडते आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मिळत नाही. वर दर काही दिवसांनी रक्त तपासून मोजमाप बदलायचं. एकत्र कुटुंबात आजी प्रेमाने एक पेढा देते, शेजारी चॉकलेट देतात, शाळेत खिचडी असते. या सगळ्यांना नाही म्हणत राहणारी एक व्यक्ती लागते, आणि ती बहुतेक घरांत आईच असते. गथ्रींचा थेंब मिनिटभरात घेऊन होतो. हे काम आयुष्यभर चालतं, आणि ते कुठल्याही यशाच्या आकड्यात मोजलेलं नसतं.

सुरुवातीला तर डॉक्टरांनाही वाटायचं की पाच-सहा वर्षांचं झालं की मेंदू बनला, आता आहार सोडायला हरकत नाही. सोडलेल्या मुलांची घसरण दिसली, तेव्हा सल्ला बदलत 'आजन्म' असा झाला. त्याहून कठोर धडा मुलींच्या बाबतीत मिळाला. तपासणीमुळे वाचलेल्या पहिल्या पिढीतल्या मुली मोठ्या झाल्या, आहार सुटलेला होता, त्या आया होऊ लागल्या. आईच्या रक्तातलं फिनाइलअ‍ॅलॅनिन गर्भाच्या मेंदूला पोहोचतं. लेन्के आणि लेव्ही यांनी १९८० मध्ये केलेल्या आढाव्यात, पातळी फार वाढलेल्या आणि उपचार न घेतलेल्या मातांच्या ९२ टक्के मुलांना बौद्धिक अपंगत्व आलेलं होतं. त्या मुलांना स्वतःला पीकेयू असेलच असं नव्हतं. एका पिढीला वाचवून पाठ फिरवली तर पुढच्या पिढीत तेच नुकसान दुसऱ्या दाराने घरात शिरतं. आमच्या मते पीकेयूच्या इतिहासातला हा सर्वात मोठा प्रसंग आहे, आणि पत्रकांत त्याला एक ओळही मिळत नाही.

आता दुसऱ्या पुस्तकाकडे वळू. नव्वदच्या दशकात टँडम मास स्पेक्ट्रोमेट्री हे यंत्र आलं. गथ्रींच्या पद्धतीत एका चकतीवर एक आजार. या यंत्रात एका चकतीवर एकदम कितीतरी. अमेरिकेत तज्ज्ञांच्या समितीने २००५ च्या सुमारास २९ मुख्य आजारांची यादी सुचवली आणि राज्यं ती स्वीकारत गेली. टिमरमन्स आणि बुखबाइंडर समाजशास्त्राच्या अंगाने बघणारे अभ्यासक. ते कॅलिफोर्नियातल्या एका जनुकीय क्लिनिकमध्ये जाऊन बसले, आणि 'चाचणी पॉझिटिव्ह आली' असा फोन गेल्यानंतर घरांत काय होतं ते बघितलं. त्यांचा एक शब्दप्रयोग गाजला. मराठीत आपण त्याला 'वाट पाहणारे रुग्ण' म्हणू. बाळ धडधाकट दिसतं, आकडा बिघडलेला असतो, आणि आजार आहे की नाही हे डॉक्टरांनाही ठाम सांगता येत नाही. असं मूल ना निरोगी, ना आजारी. आई-बाप रात्री उठून श्वास चालू आहे ना बघतात.

याचं एक विलक्षण उदाहरण म्हणजे ३-एमसीसी नावाची कमतरता. बाळाचा आकडा बिघडलेला येतो, बाळाला बोलावतात, आणि काही वेळा असं निघतं की बाळ ठीक आहे, दोष आईत आहे. तिचं रक्त बाळात उतरलं होतं. ती आई तीस वर्षं काहीही न होता जगलेली! या तपासणीत सापडलेल्या बहुतेक मुलांनाही काही त्रास होत नाही. असंच जपानमध्ये हिस्टिडिनेमियाचं झालं. १९७७ पासून देशभर प्रत्येक बाळ त्यासाठी तपासलं गेलं, मुलांना पथ्यावर ठेवलं गेलं, आणि पुढे कळलं की ही बहुतांशी निरुपद्रवी अवस्था आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जपानने ती यादीतून काढली. यादीत घातलेलं काढण्याचं धैर्य फार थोडे दाखवतात. जपानने दाखवलं, म्हणून त्याचा उल्लेख आदराने करावासा वाटतो.

पण 'सेव्हिंग बेबीज?' बद्दल आमची एक तक्रार आहे. पुस्तक वाचून मनात उरतं ते अनिश्चिततेचं चित्र, आणि त्या धुक्यात एमकॅड कमतरतेसारखा आजार जरा मागे पडतो. या मुलांना चरबीपासून ऊर्जा नीट बनवता येत नाही. एरवी मूल खेळतं-खातं. एके दिवशी ताप येतो, उलट्या होतात, मूल रात्रभर काही घेत नाही, आणि रक्तातली साखर कोसळून ते दगावू शकतं. उपाय काय, तर उपाशी ठेवायचं नाही, आणि आजारपणात खाणं बंद झालं तर लगेच दवाखान्यात नेऊन सलाइनमधून साखर द्यायची. ना महाग पावडर, ना आजन्म कडू पेला. इथे आधी कळणं म्हणजेच जवळजवळ उपचार. यादी वाढवण्याच्या बाजूने याहून भक्कम उदाहरण नाही, आणि त्याला जास्त जागा द्यायला हवी होती. प्रश्नचिन्ह सगळ्या आजारांवर सारख्याच जाडीचं काढलं की ते सोयीच्या गोष्टीइतकंच सोयीचं होतं.

या पुस्तकांनंतर वादाचा पुढचा अंक सुरू झाला आहे, तो म्हणजे रक्तातलं रसायन मोजण्याऐवजी सरळ जनुकंच वाचावीत. ऐकायला किती बिनतोड वाटतं! सटवाईचा मूळ कागदच हातात. पण कॅलिफोर्नियात जपून ठेवलेल्या वाळक्या थेंबांवर एक मोठा अभ्यास झाला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ४५ लाख जन्मांतल्या जवळपास सगळ्या चयापचय-विकारग्रस्त मुलांचे थेंब घेऊन त्यांची जनुकं वाचली. जनुक-वाचनाने ८८ टक्के मुलं ओळखली. यंत्राने ९९ टक्के. निरोगी बाळांना निरोगी म्हणण्यात जनुक-वाचन ९८.४ टक्के, यंत्र ९९.८ टक्के. हा फरक किरकोळ वाटत असेल तर एक लाख निरोगी बाळांवर लावून बघा: एकीकडे दोनशे घरांत खोटी घबराट, दुसरीकडे सोळाशे. कारण कळायला अवघड नाही. जनुकातला बदल वाचता येतो, पण त्याचा अर्थ दर वेळी लागतोच असं नाही. रक्तातलं रसायन मात्र शरीरात प्रत्यक्ष काय चाललंय ते दाखवतं. त्याच अभ्यासात जनुक-वाचनाचा उपयोगही दिसला, पण तो दुसऱ्या पायरीवर. यंत्राने शंका घेतली की खात्री करायला आणि नेमका कोणता दोष ते ठरवायला ते कामाला येतं.

आता आपल्याकडे येऊ. दोन्ही पुस्तकांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की चाचणी बिघडली तर सरकारी यंत्रणेतून कुणीतरी त्या घराला शोधून काढेल. आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. केसपेपरवर पत्ता कधी सासरचा, कधी माहेरचा. मोबाइल नवऱ्याचा, तो कामावर दुसऱ्या गावात. बाळाचं बारसं व्हायचं असतं, म्हणून थेंबाच्या कागदावर नाव आईचंच. नॉर्मल बाळंतपण असेल तर घरी जायची घाई, आणि पहिल्या चोवीस तासांच्या आतच थेंब घेतला तर पीकेयूसारखा आजार निसटू शकतो, कारण पोटात अजून पुरेसं दूधच गेलेलं नसतं. महिनाभराने तीच बाई सासरी, तिसऱ्या तालुक्यात. अहवाल पॉझिटिव्ह आला, तर फोन कुणाला करायचा? यंत्र किती आजार मोजतं यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि तो सोडवणारी माणसं आपल्याकडे आहेत. आशाताई. त्यांच्या नोंदवहीत माहेर-सासर दोन्ही सापडतं.

आणि सुरुवात कुठल्या आजारापासून करायची याचं उत्तरही समोर आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईसह पाच केंद्रांवर एक लाखावर नवजात बाळं तपासली. जन्मजात थायरॉइडची कमतरता साधारण अकराशे बाळांमागे एकाला सापडली. पीकेयूपेक्षा ती कितीतरी जास्त आढळते. तो नेहमी अनुवांशिक असतोच असं नाही, पण थेंब तोच, कागद तोच. उपचार म्हणजे थायरॉक्सिनची स्वस्त गोळी, चुरून दुधात किंवा पाण्यात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केली तर मूल शाळेत इतरांसारखं बसतं. उशीर झाला तर बुद्धी मंदावते आणि ती परत येत नाही. पीकेयूबद्दल खोटं ठरलेलं ते 'साध्या उपायाने' हे वाक्य इथे खरं आहे. तरी महाराष्ट्रात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची ही तपासणी होत नाही. गोव्याने २००८ मध्ये राज्यभर नवजात तपासणी सुरू करून दाखवली होती. लहान राज्य, बहुतेक बाळंतपणं रुग्णालयात, म्हणून ते जमलं, असं म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की आपल्याकडेही बाळंतपणं आता बहुतांशी रुग्णालयातच होतात ना?

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात एक गोष्ट मात्र नोंद घेण्यासारखी आहे. विशेष आहाराने आटोक्यात राहणाऱ्या आजारांचा गट त्यात वेगळा काढला आहे आणि पीकेयू त्यात आहे. म्हणजे ती कडू पावडर हा उपचारच आहे, हे सरकारने कागदावर मान्य केलं. मदत मिळते ती ठरवलेल्या केंद्रांमार्फत, त्यांत मुंबईचं केईएम आहे. कमाल रक्कम पुढे ५० लाखांपर्यंत वाढवली गेली. पण आयुष्यभर चालणाऱ्या आहाराला एकरकमी मर्यादा लावणं विसंगत आहे. शिवाय ही मदत निदान झालेल्यांना. निदान व्हायला थेंब लागतो, आणि तो आज घेतला जातो तो बहुतांशी पत्रक परवडणाऱ्यांच्या बाळाचा.

तेव्हा ते रंगीत पत्रक हातात आलं की त्यावरच्या मोठ्या आकड्याकडे आधी बघू नका. मागची बाजू बघा. अहवाल किती दिवसांत येणार, बिघडला तर फोन कोण करणार, खात्रीची दुसरी चाचणी कुठे होणार, आणि यादीतल्या किती आजारांवर तुमच्या जिल्ह्यात उपचार मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली लिहिलेल्या निकषांत निदान आणि उपचाराची सोय उपलब्ध असली पाहिजे ही अट आहे. पत्रक छापणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं नाही. विचारणारं कुणी भेटत नाही, एवढंच.

पुढच्या भागात लग्नाआधीच्या वाहक-तपासणीकडे वळू, थॅलेसेमियाच्या निमित्ताने. मामे-आते लग्नांबद्दल आलेले प्रश्न तेव्हा घेऊ. आता ज्यांना काही विचारायचं आहे त्यांनी विचारावं.